वारुळाचा उभा छेद

ऊर्जानगर, चंद्रपूर
२० जून २०२५

॥ श्री विश्वचालक प्रसन्न ॥

रा. रा. दसरूजी जवाईबापू यांस,
लटारूचा स. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. रोशन ड्यूटीवर गेला, सूनबाई रीता मले सकाळपासून क्वार्टरबाहेर काढायचे बहाणे शोधून राह्यली. रिटायर होऊन तीन वर्षं झाले, तरी कंपनीची बस आली की मी चपला घालून दारात उभा. रीता म्हणते, मामाजी, बस तुमच्यासाठी नाई. हे मले समजते, पायाले समजत नाई.

आमच्या रंभाबाईनं फोनवर देव काढायची बंदी केली म्हणून पत्र लिहून राह्यलो. मागच्या वेळी तुम्ही रागानं मोबाईल धानाच्या बांधीत फेकला. तो चिखलातून निघेपर्यंत मी इकडून माझा मुद्दा पुरा केला होता. तुम्ही ऐकला नसेल, म्हणून परत लिहितो.

बत्तीस वर्षं मी कंट्रोल रूममध्ये काढली. कोळसा येते, त्याचा चुरा होते, जळते, पाण्याची वाफ होते, टर्बाइन फिरते, तवा कुठी तुमच्या घरचा पंखा फिरते. एका पंख्यामागं एवढा खटाटोप, आणि पॅनेलसमोरची खुर्ची पाच मिनिटं रिकामी ठेवता येत नाई. मग सूर्य रोज वेळेवर, चंद्र वेळेवर, धानाच्या लोंबीत दाणे ओळीनं, हे सगळं विनाचालक? शिकलेल्या माणसानं असं बोलू नये.

दूर जायची गरज नाई. तुमच्याच वावराच्या धुऱ्यावर ते वारूळ आहे, माणूसभर उंच. मी टीव्हीवर पाह्यलं, त्याच्या अंदर हवा खेळवायचे बोगदे असतात, कोठ्या असतात, बुरशीची शेती असते. आमचा कूलिंग टॉवर बांधायले इंजिनियर लागले, नकाशे लागले. आणि गव्हाएवढ्या उधईनं, तुमच्या पुस्तकातल्या वाळवीनं, हे विनानकाशाचं केलं? तिच्यामागं कोणीतरी बसला आहे, जवाईबापू. कबूल करून टाका.

रागावू नये. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचं काम वरचा पाहील.

आपला
लटारू


मु. चिचटोला, ता. मूल
२८ जून २०२५

॥ वस्तुस्थिती ॥

श्री. लटारूभाऊ यांस,
दसरूचा नमस्कार (साष्टांग नाही, कंबर धरली आहे) वि. वि.

पत्र पोचले. धानाचे पऱ्हे टाकून झाले, रोपं वर आली, आता रोवणीसाठी पावसाची वाट आहे. तुमची बहीण ठणठणीत आहे, माझ्यावर दिवसातून दोनदा ओरडते, म्हणजे प्रकृती उत्तम.

आता तुमचा मुद्दा. सदतीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं, पण एवढी भोंगळ मांडणी मी मागच्या बाकावरूनही ऐकली नाही. भाऊ, तुमच्या वीजसंचाला एक चालक नव्हता. तीन पाळ्यांत शेकडो माणसं होती. मग विश्वाला एकच कसा? तिथली रात्रपाळी कोण करतो? त्याची नेमणूक कोणी केली? आणि त्याला कोणी बनवलं, हे विचारलं की तुम्ही गुडघा दुखतो म्हणून उठून जाता. गुडघ्यावरून आठवलं. तुमच्या उजव्या गुडघ्याचा नकाशा ज्यानं काढला असेल, त्याला मी चाचणी परीक्षेतच नापास केलं असतं. माझ्या धानावर येणारा तुडतुडासुद्धा त्यानंच तयार केला असेल तर त्याला एकदा आमच्या बांधीत बोलवा.

वारुळाचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. त्यात लाखो उधया आहेत आणि एकही मुकादम नाही. राणी आहे, पण ती फक्त अंडी घालते, हुकूम देत नाही. एक उधई मातीचा कण ठेवते, दुसरी त्याच्या शेजारी ठेवते, चुकलेलं पडतं, जमलेलं राहतं. असं करता करता वारूळ आपोआप उभं राहतं. माझा निरीश्वरवाद माझ्या धुऱ्यावर उभा आहे, कोणीही येऊन पाहावा.

दिव्यानी पोळ्याला येणार, असं रंभा सांगते. मला थेट कोणी काही सांगत नाही. ती असेपर्यंत मी गप्प राहीन, असं रंभेनं माझ्याकडून चक्क लिहून घेतलं आहे. गप्प बसा हे सांगण्याचा मला अनुभव आहे, बसण्याचा नाही. पण पोरीसाठी बसेन.

मतभेद वजा जाता जो लोभ उरेल तो असू द्यावा.

आपला
दसरू


मु. चिचटोला
६ जुलै २०२५

ती. लटारूभाऊ यांस,
रंभाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं आलेलं आणि ह्यांचं गेलेलं, दोन्ही पत्र मी वाचले. पोस्टाचा मुखरू पहिले माझ्याच हातात देते. म्हणून मी काऊन लिहून राह्यली ते ध्यान देऊन वाचजा.

तुमचं दोघाईचं म्हणणं मले पाठ झालं. ह्यांच्या हिशेबानं जगातलं सगळं आपोआप होते. तुमच्या हिशेबानं सगळं त्याच्या कृपेनं होते. माझ्या घरचा भात ह्यांच्या हिशेबानं आपोआप शिजते आणि तुम्ही पाहुणे आले की कृपेनं शिजते. चुलीपासी बसून डोळ्यात धूर घेणारी बाई कोणालेच दिसत नाई. असो.

दिव्यानीच्या लग्नात काय झालं ते तुम्हाले माहीत आहे, तरी परत सांगते, कारण तुम्हाले लाज उशिरा येते. शेवटचं मंगलाष्टक बाकी होतं, महाराज म्हणाले ही जोडी देवानं वरतूनच बनवून पाठवली. तर ह्यांनी माइक घेतला, की वरतून उल्का सोडून काईच येत नाई. मग तुम्ही माइक घेतला. दोघाईचे मिळून सव्वा तास. अक्षता धरून लोकाईचे हात घामेजले, पंगतीतला भात गार झाला, आणि दिव्यानीच्या सासूनं तिले भर मांडवात विचारलं, तुमच्या घरी हे रोज असते का. पोरगी गेली ते गेली. तीन वर्षं झाले, ह्या उंबऱ्यात तिनं पाय नाई ठेवला. मले नागपूरहून रोज फोन करते. बाबाचं नाव काढलं की तिचं नेटवर्क जाते.

आता तिले सातवा लागला. पहिलं बाळंतपण मायच्या घरी, ही आपली रीत. मी किती विनवलं ते माझं मले माहीत. शेवटी ती हो म्हणाली. पोळ्याले येईल आणि बाळंत होऊनच जाईल. तिच्या दोन अटी आहेत. एक, तुम्ही दोघं तिच्यासमोर देव, निसर्ग, विश्व यातलं एकबी काढायचं नाई. दोन, सात्याची भाजी. बाजारातल्या सात्या नाई, आपल्या वारुळावरच्या.

तुम्ही ऊर्जानगरात राहून सात्या विसरले असाल. पाऊस बसून ऊन पडलं की वारुळातून बोटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या निघतात, त्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात. दिव्यानी लहान होती तवा ती आणि मी सोमारीसंग पहाटेच जात होतो. सोमारी जंगलाच्या कडच्या वस्तीतली, टोल्यावरची, माझी तीस वर्षांची मैत्रीण. वारूळ राखायले तिनंच शिकवलं. लोखंड जवळ नेऊ नोका, पहिल्या सात्या तिथीच राहू द्या, भांडून जाऊ नोका. तीस वर्षं मी तेवढंच केलं आणि एकबी साल वारुळानं मले रिकामी नाई पाठवलं.

भाऊ, माझी पोरगी घरी येऊन राह्यली. मले दुसरं काईच नको. माया आहे तशी ठेवजा, तोंड मात्र आवरजा.

तुमची
रंभा


ऊर्जानगर
१५ जुलै २०२५

॥ श्री विश्वचालक प्रसन्न ॥

दसरूजी जवाईबापू यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. घरी आलं तर बाई वाचते. तिचं पत्र मले मिळालं. वाचून डोळे भरले. पोरीसमोर तोंड बंद, हे शंभर टक्के कबूल.

पण तोंड बंद करायच्या आधी हा प्रश्न कायमचा निकाली निघाला पाहिजे. अर्धवट ठेवला तर ती समोर असतानाच उसळल. आपण दोघंबी स्वतःले ओळखतो. पोरीच्या भल्यासाठीच सांगून राह्यलो.

तुमच्या सवालाईचे जवाब पहिले. रात्रपाळी तोच करते. तो कायम आहे, कंत्राटी नाई. तुडतुडा हे त्याचं खातं आहे, आपण दुसऱ्याच्या खात्यात बोलू नये. आणि गुडघ्याचं म्हणाल तर त्रेसष्ट वर्षं विनाओव्हरहॉल चाललेली दुसरी मशीन दाखवा.

आता कामाची गोष्ट. आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये एक जुना पंप उभा चिरून ठेवला होता. कट मॉडेल म्हणतात त्याले. नव्या पोराईले महिनाभर सांगून समजत नाई ते त्याच्यात एका नजरेत दिसते. तसंच वारूळ चिरू. पूर्ण नाई, एक बाजू. अंदरची व्यवस्था चार लोकाईसमोर दिसली की तुम्ही हात जोडले म्हणून समजा. नाई जोडावं वाटलं तर मी हरलो.

शर्त अशी, की जो जिंकल तो दिव्यानीच्या बाळाचं नाव ठेवल. मी ठरवून ठेवलं. पोरगा झाला तर ईश्वरदत्त, पोरगी झाली तर ईश्वरी. हे बाईले सांगू नये. लोभ गुपचूप ठेवावा.

आपला
लटारू


मु. चिचटोला
२२ जुलै २०२५

॥ वस्तुस्थिती ॥

श्री. लटारूभाऊ यांस,
नमस्कार वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही शास्त्रीय बोललात, म्हणून पहिल्यांदाच अभिनंदन करतो. तुमच्या कट मॉडेलला आम्ही उभा छेद म्हणतो. जास्वंदीचा केला, बेडकाचा केला, वारुळाचा राहून गेला होता. निवृत्तीनंतर जी हुरहूर लागते ती हीच.

एक ऑगस्टला रंभा नागभीडला माझ्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला जाते आहे, तीन तारखेला परतेल. त्याआधी नागपंचमीची वारुळाची पूजा ती करून घेईल, म्हणजे कोणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न राहत नाही. दोन तारखेला सकाळी या. लोखंडी सब्बल आहे, कुदळ आहे. गावातल्या मंडळींना बोलावलं आहे, खुर्च्या भजनी मंडळाकडून आणतो. लोखंड न नेण्याचा सोमारीबाईंचा नियम ही भाबडी समजूत आहे, हेही त्याच दिवशी सिद्ध होऊन जाईल. एका प्रयोगात दोन निष्कर्ष.

काम झाल्यावर चिखल करून लिंपून टाकू. उधई स्वतः दुरुस्ती करते, हे मी दर वर्षी शिकवत आलो. रंभेला पत्ताही लागणार नाही.

पैज मंजूर. मुलगा झाला तर निसर्ग, मुलगी झाली तर उत्क्रांती. सब्बलीच्या पहिल्या घावाचा मान पाहुणा म्हणून तुमचा. लोभ प्रयोगापुरता बाजूला ठेवून यावे.

आपला
दसरू


नागपूर
१२ ऑगस्ट २०२५

लटारूभाऊ आणि दिव्यानीचे बाबा,

दोघाईले मिळून एकच पत्र लिहून राह्यली. मायना लिहायची इच्छा झाली नाई.

सोमारीनं फोन केला तवा मी नागभीडले पाळण्यापासी बसली होती. ती एवढंच म्हणाली, बाई, ये. मी पहिल्या गाडीनं निघाली. मूलहून ऑटो केला, धुऱ्यावरून चालत आली, आणि दुरूनच दिसलं. माझं वारूळ फोडलेल्या कवठासारखं उघडं पडलं होतं. अंदरचे ते पांढरे मऊ पोळे, ज्यातून सात्या निघतात, ते सब्बलीनं मातीत कालवले होते. गावभरच्या कोंबड्या जमल्या होत्या. उधई जीव घेऊन पळत होती आणि कोंबड्या टिपत होत्या. एकटी सोमारी सुपानं हाकलत होती, या बाजूनं हाकललं की त्या बाजूनं येत होत्या.

आणि तुम्ही दोघं ताडपत्रीखाली खुर्च्या टाकून बसले होते. भाऊ म्हणत होते, बोगदा वरती निमुळता आहे म्हणजे नकाशा आहे. हे म्हणत होते, निमुळते नव्हते ते पडून गेले म्हणून निमुळते दिसतात. पाहायले आलेले लोक केव्हाचेच घरी गेले होते. कोंबड्याईनं तुमचा पुरावा खाऊन टाकला, तरी तुमचा मुद्दा संपत नव्हता. मी मागं येऊन उभी राह्यली ते तुम्हाले समजलंबी नाई. पिशवी हातातच होती, तीच घेऊन मी मोटारस्टँडवर गेली आणि नागपूरची गाडी धरली.

दिव्यानीले मी खोटं सांगणार होती. जमलं नाई. नावाचं तिले सोमारीकडूनच समजलं, तुम्ही तर गावभर सांगून ठेवलं. उत्क्रांती ऐकून ती पहिले हसली. मग अशी रडली, भाऊ, की मले सुधरे ना. म्हणाली, आई, माझं लेकरू अजून झालंबी नाई आणि ह्यांनी त्याच्यावर शर्त लावली. पोळ्याले ती येणार नाई. बाळंतपण इथीच होईल. तिची सासू भली आहे, मले राहा म्हणाली. माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण मी दुसऱ्याच्या घरी करून राह्यली, हे मी कोणापासी बोलू.

वारूळ कोणी बनवलं ते मले माहीत नाई. मले कोणी विचारलंबी नाई. कोणी मोडलं ते माहीत आहे. ते दोघं माझेच आहेत, म्हणून जास्त लागते.

आता ऐका. भाऊ, तुम्ही अजून चिचटोल्यालेच आहात असं सोमारी सांगते. ऊर्जानगरले जायचं नाई, तिथीच राहा. ज्याले वाटते देव करते, त्यानं त्याले सांगून वारूळ करून घ्यावं. ज्याले वाटते आपोआप होते, त्यानं आपोआप होईपर्यंत बसून राहावं. तवरी कोंबड्या राखा. भात कोणाच्या हिशेबानं शिजते तेबी एकदा पाहून घ्या.

लोभ ठेवायचा का नाई ते विचार करून सांगीन.

रंभा


मु. चिचटोला
१४ सप्टेंबर २०२५

(वर काय लिहावं यावर एकमत झालं नाही, म्हणून जागा कोरी सोडली आहे.)

सौ. रंभा आणि चि. दिव्यानी यांस,
दसरूचे व लटारूचे अ. उ. आ. अक्षर दसरूचं आहे, सांगणं दोघांचं.

भात आपोआप शिजत नाही. कृपेनंही शिजत नाही. पहिले आठ दिवस आम्ही दोन्ही पद्धतींनी करून पाहिला. आता आळीपाळीनं चुलीपाशी बसतो, तेव्हा शिजतो. धूर फार होतो. तू कधी बोलली नाहीस. लटारूभाऊ म्हणतात ती बोलली होती, पत्रात होतं, आपण पुढचा मुद्दा शोधत होतो.

कोंबड्या राखतो. सकाळची पाळी लटारूभाऊंची, दुपारची माझी. रोवणी मजुरांवर सोपवली होती, तीही झाली. ठरल्याप्रमाणे वारूळ आम्ही चिखलानं लिंपलं, ते एका पावसात वाहून गेलं. मग लटारूभाऊंनी हवा जावी म्हणून प्लास्टिकचा पाइप बसवला. उधईनं तो दोन दिवसांत मातीनं बुजवून टाकला. मी पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात उधई दुरुस्ती करते एवढंच लिहिलं आहे, आपण काय करावं ते नाही.

सोमारीबाई आल्या, पाइप उपटून फेकला, पळसाची पानं आणि काट्यांचं झाकण टाकलं, आणि आम्हाला दहा पावलं मागं सरायला सांगितलं. आमच्यानं राहवलं नाही. आम्ही त्यांना विचारलं, बाई, खरं सांगा, हे कोणी बनवलं. त्या म्हणाल्या, उधईनं. आणि कामाला लागल्या. हे उत्तर कोणाच्या बाजूचं धरायचं यावर आम्ही थोडं बोललो, मग लाज वाटली, मग बोललो नाही.

परवा सकाळी कापलेल्या कडेला ओल्या मातीची बारीक किनार दिसली. काल ती बोटभर झाली. राणी वाचली की अंदर दुसरी झाली, सांगता येत नाही. इथे त्याच्या कृपेनं लिहायचं की निसर्गनियमानं, यात आमचे दोन दिवस गेले आणि मुखरू दोनदा रिकामा परतला. शेवटी दोघं मिळून असं लिहितो. वारूळ भरून राह्यलं आहे. कोण भरून राह्यलं, ते आम्हाला माहीत नाही.

सात्या मात्र नाहीत. आम्ही रोज पाहतो. एकही निघाली नाही.

चि. दिव्यानी, पैज मोडली आहे. बाळाचं नाव तुम्ही ठेवा. लग्नात मी जे बोललो ते शास्त्राला धरून होतं, फक्त वेळ चुकली, असं लिहायला घेतलं होतं. तसं नाही लिहीत. मी चुकलो, पोरी. खाली मामाही तेच म्हणतो, त्याच्या हातानं लिहितो.

मी पण चुकलो बेटा. घरी ये. लटारूमामा.

लोभ मागण्याचा हक्क राहिला नाही, तरी मागतो.

तुमचे
दसरू, लटारू


नागपूर
२९ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. मामा यांस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

फोन आईच करणार होती, मीच थांबवलं. म्हटलं, ज्यांनी पत्रातून एवढं केलं त्यांना पत्रातूनच कळू दे. एकवीस तारखेला मुलगी झाली. तीन आठवडे आधीच आली. वजन थोडं कमी आहे, बाकी सगळं बरोबर आहे असं डॉक्टर म्हणाले. मीही तपासून पाहिलं, हाताची दहा, पायाची दहा.

तुमचं पत्र आईनं दवाखान्यातच वाचून दाखवलं. कापलेल्या कडेपर्यंत खणखणीत वाचलं, मग कागद जावयाच्या हातात दिला, पुढचं प्रणितनं वाचलं. बाबा, 'माहीत नाही' हे शब्द तुमच्या अक्षरात मी पहिल्यांदा पाहिले. सातवीला तुम्हीच मला शिकवायला होते. उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडायची नाही, काहीतरी लिहून यायचं, असं तुम्ही सांगत होते. ते शब्द मी पुन्हा पुन्हा वाचून राहिली.

राग गेला असं म्हणत नाही. लेकीला पहिल्यांदा घ्यायला तुम्ही दोघं दारात असायला पाहिजे होते, आणि नव्हते, याचं मला वाईट वाटलं, खूप वाटलं. सव्वा महिना झाला की आई आणि मी तिला घेऊन येतो. त्याच्या आधी यायचं असेल तर या, पण एका वेळी एकानं.

इथे सासूबाई म्हणतात देवानं दिली. प्रणित म्हणतो डॉक्टर हुशार म्हणून सुटका झाली. आई डिंकाचे लाडू करते. मला वाटलं, मामा आणि बाबा असते तर आतापर्यंत पाळण्याच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले असते. मामा, हिला घडवताना मला कोणी शेजारी बसून शिकवलं नाही. बाबा, आपोआप म्हणाल तर त्या उलट्या, ते सुजलेले पाय, त्या बावीस तासांच्या कळा कोणाच्या होत्या ते एकदा सांगा.

काल ती दूध पिऊन झोपली तेव्हा मी तिचा कान पाहत होती. एवढासा, कढीपत्त्याच्या पानाएवढा, आणि त्यात किती घड्या. हा कान होत होता तेव्हा मी कुठेतरी मेथी निवडत असेन, नाहीतर सिटी बसमध्ये उभी असेन. मला काही कळलं नाही. माझ्याच पोटात झाला, माझ्याच अन्नावर झाला. पण बाबा, कान कसा करतात ते मला येत नाही.

लोभ वाढवू नका, आहे तेवढाच नीट सांभाळा.

तुमची
दिव्यानी